मागे उभे राहून धृपद धरणे

घरातले माणूस गेले की दोन-चार दिवस दारात चपलांचा ढीग पडतो. येणारा प्रत्येक जण थोडा वेळ मान खाली घालून बसतो आणि उठताना ठरलेली वाक्ये बोलतो : धीर धरा, मन घट्ट करा, तुम्हीच खचलात तर मुलांनी कुणाकडे बघायचे? नोकरी गेली, संसार मोडला, गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळवले, तरी वाक्ये साधारण हीच असतात. बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या वाक्यांच्या मागे स्थैर्याची एक कल्पना दडलेली आहे आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्यानुसार स्थिर माणूस म्हणजे न हललेला माणूस. आपण तिला गीतेतल्या स्थितप्रज्ञाचे नाव देतो आणि ज्याच्या पायाखालची जमीन नुकतीच सरकली आहे त्याच्यासमोर तो आदर्श ठेवतो. मग त्या माणसावर दुःखाच्या जोडीला न हलण्याचे ओझेही येते. अशा वेळी कुणी स्वतःच्या जेवणाची, झोपेची, विश्रांतीची गोष्ट काढली, तर ती आपल्याला जरा हलकी, थोडी स्वार्थीही वाटते. एवढे मोठे दुःख कोसळले आणि हिला झोपेचे सुचते आहे, असे उघड कुणी म्हणत नाही. पण नजरेतून ते कळते. माझ्या मते हा सगळा क्रमच उलटा लागला आहे. आपल्याच परंपरेतले ग्रंथ, संतांची चरित्रे आणि चालीरीती नीट पाहिल्या, तर स्थैर्य ही सुरुवातीला पुरी करायची अट ठरत नाही. ते उशिरा हाती येणारे फळ आहे. आणि त्या फळाकडे जाणारी वाट जेवण, झोप, ठरलेली वेळ आणि माणसांची सोबत अशा अगदी साध्या गोष्टींवरून जाते.

रोजच्या बोलण्यात आपण हे नकळत मान्यही केले आहे. ठेच लागली की माणूस सावरतो. पदर सावरतात, तोल सावरतात, बोलता बोलता भरून आले की आवाज सावरतात. जो हललाच नाही त्याच्याबद्दल हे क्रियापद वापरताच येत नाही. सावरण्याच्या आधी तोल गेलेला असावा लागतो. शिवाय माणूस स्वतःला सावरतो तसा दुसऱ्यालाही सावरतो, शब्द तोच. म्हणजे हे काम एकट्यानेच करायचे आहे असे भाषेने कुठे धरलेले नाही. ‘काळजी’ या शब्दातली गंमत तर याहून बारीक आहे. काळजी करू नका, काळजी घ्या, असे आपण निरोप घेताना सहज म्हणून जातो आणि एकाच दमात एकाच शब्दाच्या दोन टोकांना हात लावतो. केलेली काळजी मनाला पोखरते, घेतलेली काळजी हातांना काम देते. पहिलीत पुढच्या दहा वर्षांचे काय, हा प्रश्न असतो. दुसरीत रात्रीची गोळी, उशाशी पाण्याचा तांब्या आणि वेळेवर घातलेले अंथरूण असते. शब्दांच्या अशा वापरावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे कबूल. पण हा वापर वाटेवरची एक खूण नक्कीच दाखवतो. ती खूण धरून ग्रंथांकडे गेले, तर तिथे काय सापडते ते पाहू.

गीतेची सुरुवात एका कोसळलेल्या माणसापासून होते आणि त्याचे कोसळणे आधी शरीरात दिसते. पहिल्या अध्यायात अर्जुन जे सांगतो ते जवळजवळ वैद्याला सांगावे तसे आहे : अवयव गळून गेले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरते आहे, त्वचेची आग होते आहे, धनुष्य हातातून निसटते आहे, उभे राहवत नाही. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचा विषय निघतो तेव्हा अर्जुनाचा प्रश्नही असाच जमिनीवरचा आहे. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे त्याला विचारायचे आहे. सहाव्या अध्यायात ध्यानयोग सांगताना तर कृष्ण स्वच्छ शब्दांत सांगतो की हा योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, जागत राहणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, काम, झोप आणि जाग यांचे माप ज्याला राखता येते, त्याच्याच दुःखावर या योगाची मात्रा चालते. सतराव्या अध्यायात शास्त्राचा आधार नसताना शरीराला घोर कष्ट देणाऱ्यांची गणना सरळ आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. सहाव्या अध्यायातच वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची प्रसिद्ध उपमा येते. एरवी ती स्थिर ज्योतीचे कौतुक म्हणून वाचली जाते. पण तीत जागेलाही तेवढेच महत्त्व आहे. तीच वात, तेच तेल उंबऱ्यावर नेऊन ठेवा, ज्योत थरथरू लागेल. तेव्हा ज्योतीला स्थिर राहण्याचा उपदेश करण्यापेक्षा आधी तिच्यासाठी आडोसा शोधावा लागतो. मूळ शब्द ‘निवात’ असा आहे. मराठी कानाला तो लगेच ‘निवांत’ची आठवण देतो.

यावर पहिला आक्षेप गीतेतूनच घेता येतो. उपदेशाच्या अगदी आरंभीच कृष्ण अर्जुनाला सांगतो की ज्ञानी लोक गेलेल्यांचा शोक करत नाहीत आणि असलेल्यांचाही करत नाहीत. मग शोक हेच अज्ञान ठरले. आडोसा आणि आहार यांचे कौतुक कशाला? या आक्षेपाचे वजन कमी नाही. पण ज्या ग्रंथात गीता आहे तो महाभारतच त्याला उत्तर देतो. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू मारला जातो. संशप्तकांशी लढून संध्याकाळी परतलेल्या अर्जुनाला छावणी सुनी दिसते, रोज हसत सामोरा येणारा मुलगा दिसत नाही, आणि सारे कळल्यावर हा गीता ऐकलेला माणूस कोसळतो, विलाप करतो. प्रत्यक्ष कृष्णाच्या तोंडून गीता ऐकून जेमतेम दोन आठवडे झाले आहेत. तू माझे ऐकून वाया घालवलेस असे कृष्ण त्याला म्हणत नाही. तो त्याला धरतो, आणि पुढे सुभद्रेचे सांत्वन करायलाही जातो. याहून बोलका प्रसंग आश्वमेधिक पर्वात आहे. युद्ध संपले आहे, कृष्ण द्वारकेला निघाला आहे, आणि अर्जुन त्याला सांगतो की रणांगणावर तू जे सांगितलेस ते मी विसरलो. कृष्ण थोडा रागावतो, ते सगळे जसेच्या तसे पुन्हा सांगणे आता मलाही शक्य नाही म्हणतो, आणि मग वेगळ्या रीतीने सांगायला बसतो. हाच अनुगीतेचा प्रसंग. विसरण्याची आणि पुन्हा विचारण्याची ही कथा महाभारताने झाकून ठेवलेली नाही. स्थैर्य एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची वस्तू असती, तर अनुगीतेची गरजच पडली नसती. सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा कृष्ण ती मान्य करतो आणि वैराग्याबरोबर अभ्यासाचा उपाय सांगतो. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. शोक न करणाऱ्या ज्ञान्याचे चित्र हे मुक्कामाचे वर्णन आहे. वाटेवरच्या माणसाला ते दाखवून ठेवावे. पण ते दाखवून त्याला दटावणे म्हणजे ताप आलेल्याला निरोगी माणसाचे वर्णन वाचून दाखवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम पुरावा तुकोबांच्या चरित्रात आहे. सन १६३० ते १६३२च्या दुष्काळाने दख्खन उजाड झाली. देहूच्या या वाण्याचा व्यवहार बुडाला, चारचौघांत पत गेली, एक बायको अन्नावाचून गेली. एका आत्मपर अभंगात हे सारे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि त्यानंतर काय केले तेही सांगितले आहे. ही पुढची यादी फार लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. मोडकळीला आलेल्या देवळाचे काम करावेसे वाटले, ते केले. एकादशीला कीर्तन सुरू केले. पण सुरुवातीला चित्त त्यात नव्हते, अशी कबुलीही जोडून दिली. संतांची काही वचने आदराने पाठ केली. पुढे उभे राहून जे गात, त्यांच्या मागे धृपद धरले. शरीर झिजवून जमेल तेवढी दुसऱ्यांची कामे केली. एवढ्या मोठ्या पडझडीनंतरची ही पावले बघा : दगडमातीचे काम, तिथीला बांधलेला नेम, पाठांतर, आणि मागच्या रांगेत उभे राहून दुसऱ्याने सुरू केलेली ओळ उचलणे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी मन आधी स्थिर असावे लागत नाही. एकादशी पंचांगाप्रमाणे येते, आपली तयारी झाली की नाही हे ती विचारत नाही. पाठांतराला प्रतिभा लागत नाही. आणि धृपद धरणाऱ्यावर कीर्तनाचा भार नसतो. बुवा चरण म्हणतात, तो संपला की टाळकऱ्यांनी ठरलेली ओळ उचलायची असते; कुणाचा घसा दाटला, एखादी आवृत्ती सुटली, तरी शेजारचे आठ-दहा जण ती सांभाळून घेतात आणि पुढच्या फेरीला त्याला पुन्हा आत शिरता येते. तुकोबांचे नेमके मोठेपण हे की चित्त लागेपर्यंत त्यांनी कीर्तन लांबणीवर टाकले नाही आणि चित्त लागले आहे असे ढोंगही केले नाही. आधी आचार, मग चित्त, हा क्रम त्यांनी जगून दाखवला.

तोच क्रम आपल्या दुखवट्याच्या चालींतही आहे, मात्र तिथे तो चांगल्या-वाईट दोन्ही रूपांत दिसतो. महाभारताच्या शांतिपर्वाच्या आरंभी युद्ध जिंकलेले पांडव लगेच राजधानीत शिरत नाहीत; नगराबाहेर गंगेच्या काठी एक महिना शौचविधीसाठी राहतात. राज्य मिळाले आहे, सिंहासन रिकामे आहे, तरी महिनाभर थांबणे आहे. आपल्या घरांतले दहा दिवसांचे सुतक याच जातीचे. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारून किंवा सोयऱ्यांकडून पिठले-भाकरी, भात येतो. काही भागांत याला कडू घास म्हणतात. कुणी तरी जवळ बसते, ताट पुढे सरकवते, दोन घास तरी खा म्हणते, आणि ते खाल्ले जाईपर्यंत उठत नाही. माणूस जिथे ठेवला होता तिथे दिवा लावलेला असतो. तो विझू द्यायचा नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी मधूनमधून उठून तेल घालावे लागते. हातांना एवढेच काम. देवपूजा बंद, सणवार बंद, लग्नकार्याला जाणे बंद. हसतमुखाने चार लोकांत वावरण्याची कसलीच अपेक्षा नाही. मग दहावा, बारावा, तेरावा असे दिवस मोजत नातेवाईक जमतात, कपडे आणतात, गोडाचे जेवण होते, दुखवटा निघतो. शास्त्राने सुतकाला दिलेले कारण अशौचाचे आहे, विश्रांतीचे नाही, आणि ते कारण आज अनेकांना पटणार नाही. तरीही या रचनेतून जे घडते ते कारणापेक्षा मोठे आहे. शोकग्रस्त माणसाने काय खावे, केव्हा खावे, कुणाला भेटावे, केव्हा बाहेर पडावे, यांतला एकही निर्णय त्याला स्वतः घ्यावा लागत नाही. ज्या दिवसांत त्याला स्वतःची काळजी घेता येणार नाही, ते दिवस समाजाने वाटून घेतलेले असतात; नंतर हळूहळू ती त्याच्या हाती सोपवली जाते. वारा नसलेली जागा म्हणतात ती हीच.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. याच परंपरेने आडोशाच्या नावाखाली माणसांना उघड्यावर आणलेले आहे. नवरा गेलेल्या बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे, आणि काही जातींत एके काळी केशवपनही, हे सारे तिच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण दिवसांतच केले जाई. यांतल्या कित्येक गोष्टी अजून होतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे सुचवले. ठराव करावा लागला, यातच परिस्थिती आली. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. कारागीर, वैद्य, दास-दासी, न्हावी, राजे अशांसाठी स्मृतींनी ‘सद्यःशौच’ सांगितले आहे. त्यांना दहा दिवस पाळायचे नाहीत, लगेच कामाला लागायचे. ही सवलत म्हणून वाचता येते. पण राजासाठी ती सवलत असेल, दासीसाठी मात्र तिचा अर्थ एवढाच की तिच्या घरी कुणी गेले तरी मालकाच्या घरचे पाणी भरणे थांबू नये. आजच्या रोजंदारीवरच्या मजुराला कुठली स्मृती लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे पोटच त्याला बिगारीवर ओढून नेते. मग परंपरेचा आधार घ्यायचाच कशाला? माझे उत्तर असे की हे दाखले मूळ मुद्दा खोडत नाहीत, उलट त्याची कसोटी आपल्या हाती देतात. चाल कुठलीही असो, तिच्याबद्दल विचारावे : ही या माणसाच्या ज्योतीभोवती आडोसा धरते की स्वतःच वारा होऊन येते? कडू घास या कसोटीला उतरतो, बांगड्या फोडणे उतरत नाही. दोन्ही जुने आहेत, म्हणून दोन्ही राखावेत किंवा दोन्ही फेकावेत, असे होत नाही. आणि मजुराच्या उदाहरणावरून एवढे तरी मान्य व्हावे की स्थैर्य हा केवळ मनोबलाचा प्रश्न नाही. ज्याला थांबायला जागा नाही त्याला मन घट्ट कर म्हणून सांगणे, हा आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात घालण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

तिसरा आक्षेप अलीकडच्या काळातला आहे. ठरलेल्या वेळा, कामे, नेम यांत माणसाला गुंतवणे म्हणजे दुःख दडपणे नव्हे काय? बायको गेल्यावर आठव्या दिवशी दुकान उघडून बसणारा आणि पुढे वर्षानुवर्षे तिचे नावही न काढणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो. त्याला लोक खंबीर म्हणतात; त्याच्या आत काय साचले आहे हे कुणी पाहत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो नेमाला लागू पडत नाही, पळण्याला लागू पडतो. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. ती थोडक्यात अशी : वियोगातून जाणारा माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत आणि रडण्यात असतो, कधी बँकेची कामे, स्वयंपाक, मुलांची शाळा अशा नव्या व्यवहारात असतो, आणि या दोहोंमध्ये ये-जा करता येणे हेच सावरण्याचे लक्षण आहे. फक्त रडणे किंवा फक्त कामे, यांपैकी एकातच तो अडकला की ते काळजीचे. आपल्या चाली या ये-जा करण्याला जागा ठेवतात : दिव्यात तेल घालायला उठायचे आणि भेटायला कुणी आले की पुन्हा रडायचे. बौद्ध परंपरेतल्या दोन बाणांच्या दृष्टांतातही हाच विवेक आहे. बुद्ध सांगतात की वेदना हा पहिला बाण. तो अज्ञानी माणसाला लागतो आणि शिकलेल्या श्रावकालाही लागतो. अज्ञानी माणूस त्यावर शोक आणि आकांत करून मनाचा दुसरा बाण स्वतःला लावून घेतो. पहिला बाण लागलाच नाही, असा बहाणा करायला बुद्ध सांगत नाहीत. मी याला एवढीच पुस्ती जोडेन की आपल्याकडे दुसरा बाण बऱ्याचदा शेजारचेच आणून देतात : अजून सावरली नाहीस का, म्हणून. किंवा इतक्यात सावरलीस, म्हणून.

शेवटचा आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. स्वतःची काळजी हा ‘मी’पणाचा लाड आहे, सारे अध्यात्म ‘मी’ विरघळवण्यासाठी असताना संकटाच्या निमित्ताने तोच गोंजारायचा का? भर म्हणून आज ही काळजी बाजारातही मिळते : सुगंधी मेणबत्त्या, मालिशची पॅकेजे, डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवसांची मनःशांती. त्यांची टिंगल सोपी आहे. पण बाजाराने एखादी गोष्ट बाटवली म्हणून तिची गरज संपत नाही. पाणीही बाटलीतून विकले जाते. गीतेचा सहावा अध्याय सांगतो की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावे, खचू देऊ नये, कारण माणूस आपलाच मित्र असतो आणि आपलाच शत्रूही. मित्र आजारी मित्राशी जसा वागेल, त्याला ना उपाशी मारेल ना मिठाई भरवेल, तसे स्वतःशी वागणे हा लाड नाही. या बाबतीत विनोबांचे उदाहरण पुरेसे आहे. वैराग्यात त्यांना उणे कुणी म्हणणार नाही. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात घरदार, धंदा, गाव सुटलेल्या राजकीय कैद्यांसमोर त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजी ती उतरवून घेत, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली. तुरुंगात दिवसाला आकार राहत नाही. तिथे आठवड्यातून एक दिवस ठरलेला असणे, पुढच्या रविवारी पुढचा अध्याय असणार हे माहीत असणे, हा आडोसाच. ज्यांना ‘मी’ विरघळवायचा आहे त्यांनाही दिनक्रमाची कड लागते, कारण विस्कटलेला ‘मी’ विरघळत नाही. तो फक्त सगळीकडे सांडत राहतो. उलट दुसऱ्यांचे करता करता स्वतः शेवटी, उरलेले, गार झालेले जेवणारी बाई त्यागी ठरते खरी. पण तिच्या त्या त्यागाचा हिशेब घरात कुणालाच कधी द्यावा लागत नाही, हेही पाहिले पाहिजे. गीतेच्या त्या मापात कमी खाणाऱ्याला सूट नाही.

या साऱ्यावरून हाती येते ते फार मोठे तत्त्व नाही. वागण्याची एक रीत आहे. मोठा बदल आला की पहिल्या दिवसांत माणसाने स्वतःकडून शांततेची अपेक्षा ठेवू नये, फक्त वेळा ठेवाव्यात : उठण्याची, जेवणाची, झोपण्याची, कुणाशी तरी बोलण्याची. चित्त त्यात नसले तरी चालेल. तुकोबांचेही सुरुवातीला नव्हते. जुने आयुष्य चालवत होतो तसे नवे आयुष्य लगेच पुढे होऊन चालवायला घेऊ नये. काही काळ मागच्या रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्यांनी सुरू केलेली ओळ उचलावी, मग ती बहिणीने लावून दिलेली डबेवाली असो, सकाळी फिरायला बोलावणारा शेजारी असो की देवळातली काकडआरती. आणि आपण भेटायला जाणाऱ्यांच्या बाजूचे असू, तर दारातून बाहेर पडताना धीर धरा म्हणण्याऐवजी जेवलात का हे विचारावे, आणि उत्तर नाही असे आले तर चपला काढून पुन्हा आत यावे. यात कमीपणा कुणालाच नाही. परंपरा तुकोबांचे चौदा टाळकरी सांगते. पडझडीनंतर जो दुसऱ्यांच्या मागे उभा राहून धृपद धरत होता, त्याच्याच मागे पुढे चौदा जण उभे राहिले, आणि त्यांतल्या कुणाचा आवाज कुठल्या दुःखाने दाटला असेल, तेव्हा ती ओळ बाकीच्या तेरांनी सांभाळली असेल.